‘मग मारलान कोणी?’ : आमच्या वाडीच्या नाट्यमंडळाला खुलं पत्र

अध्यक्ष, दिग्दर्शक आणि तालमीला येणारी सगळी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

परवा देवळाच्या सभामंडपात तुम्ही नाटकाचं वाचन ठेवलंत आणि मला आठवणीनं बोलावलंत, त्याबद्दल आधी आभार. वाचन संपल्यावर दिग्दर्शकांनी विचारलं, "काका, कसं वाटलं?" मी म्हटलं, "चांगलं बसलंय, फक्त शेवटाबद्दल बोलायचंय." तेवढ्यात परतीच्या पावसाची सर आली, लाईट गेली आणि सगळे चपला शोधत पांगले. त्यानंतर दोन रात्री मला झोप लागली नाही. मंडळाच्या नावानं चिठ्ठी पाठवता आली असती. पण नाटक जत्रेत सगळ्या गावासमोर होणार, मुंबईकर त्यासाठी रजा टाकून येणार. मग माझं म्हणणंही सगळ्यांच्या देखत झालेलं बरं.

माझी विनंती एवढीच आहे : तुम्ही पदरचा घातलेला शेवटचा प्रवेश काढून टाका.

मूळ नाटक ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ रेजिनाल्ड रोझ या अमेरिकन लेखकानं १९५४ साली टीव्हीसाठी लिहिलं. त्याआधी तो स्वतः न्यूयॉर्कमध्ये एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्युरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य माणसांच्या मंडळावर, बसला होता. पुढे १९५७ साली त्याचा सिनेमा झाला, १९८६ साली हिंदीतही आला. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक कोवळा पोरगा, बंद खोलीत बसलेले बारा ज्युरर, अकरा हात ‘दोषी’ म्हणून वर जातात आणि एक, आठ नंबरच्या ज्युररचा, जात नाही. तासा-दीड तासाच्या वादानंतर बाराही जण ‘दोषी नाही’वर येतात आणि घरी जातात. खून कोणी केला ते लेखक सांगत नाही, कारण ते त्या बारा जणांनाही ठाऊक नसतं.

तुम्ही आरोपीला आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार केलंत. ते मला आवडलं, गोष्ट आपल्या अंगणात आली. पण मग शेवटी निळा प्रकाश, मयताचा भागीदार एकटाच रंगमंचावर येतो, हसतो आणि ‘मीच मारला’ असं कबूल करतो. हा प्रवेश कशासाठी, एवढं मी त्या पांगापांगीत विचारलं होतं. दिग्दर्शकांचं उत्तर होतं, "लोक विचारणारच ना काका, तो नाय तर मग मारलान कोणी?"

हा प्रश्न मी याआधी एकदा ऐकलाय, अगदी याच शब्दांत. पत्र लिहायला बसलो तो त्यामुळेच.

तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्यांना ती गोष्ट माहीत आहे, तरुण मुलांना अर्धवट कानावर असेल. वीस-बावीस वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात खाडीपलीकडच्या बागेत आपल्या वाडीतला एक कर्ता माणूस मेलेला सापडला. मानेवर वार होता. बागेतल्या मांगरात एक नेपाळी पोरगा राहत असे. आदल्या दिवशी पैशांवरून दोघांची बोलाचाली झालेली चौघांनी ऐकली होती. दुपारपर्यंत पोरगा पोलिसांच्या जीपमध्ये होता आणि संध्याकाळपर्यंत गावाचा निकालही लागला होता. त्या निकालात मीही होतो. मी तेव्हा तिठ्यावरच्या दुकानापाशी उभा राहून म्हटलं होतं, "ह्या लोकांचा भरवसा नाय." आज ते वाक्य लिहितानाही मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी हवालदार घरी आले. पंच पाहिजे, म्हणाले. मी लाकडं तोडायला निघालो होतो, तसाच गेलो, कमरेच्या आकडीला कोयती लावलेली. बागेत पोचलो तेव्हा पोरगा बेड्यांत उभा होता. समोर पातेऱ्यावर, वाळक्या पानांच्या थरावर, एक कोयती पडलेली होती. पातेरा आधीच बाजूला केलेला, खालची ओली माती दिसत होती. मला सांगण्यात आलं की आरोपीनं स्वखुशीनं जागा दाखवली आणि स्वतःच्या हातानं हत्यार काढून दिलं. मी ते पाहिलं नव्हतं. कोयती कापडाच्या पिशवीत गेली, सुतळी बांधली, लाखेचं सील झालं, आणि चिठीवर पंच क्रमांक दोन म्हणून मी सही केली. पंचनामा वाचून दाखवला, मी मान हलवली. कोणीही मला धमकावलं नव्हतं. मला मनापासून वाटत होतं की ह्यानंच केलंय, मग चार ओळी इकडच्या तिकडे झाल्या तर बिघडलं कुठे!

घरी येऊन हातपाय धुताना कमरेची कोयती काढून भिंतीला लावली. तेव्हा दिसलं. तीच मूठ, पितळी कडीखाली तीच तीन खाचांची खूण, पात्याला तोच वाक. आपल्या पंचक्रोशीत तेव्हा एकच लोहार होता. त्याच्या हातची कोयती माझ्या भिंतीवर होती, शेजाऱ्याच्या पडवीत होती, मेलेल्या माणसाच्या घरातही होती. आठ नंबरचा ज्युरर खिशातून तसाच दुसरा चाकू काढून टेबलावर रोवतो, तो प्रवेश परवा वाचला गेला तेव्हा तुम्ही सगळे सरसावून बसलात. मी मात्र माझ्या पडवीतल्या भिंतीकडे बघत होतो.

जाता जाता, त्या प्रवेशाबद्दल एक सांगतो. ज्युररनं असा बाहेर जाऊन स्वतःचा पुरावा गोळा करून आणणं नियमात बसत नाही. ते काम बचावाच्या वकिलाचं. नाटकातल्या पोराला लक्ष घालणारा वकील मिळाला नाही म्हणून ते एका ज्युररच्या अंगावर आलं. आठ नंबर करणाऱ्या मुलानं हे लक्षात ठेवावं. तो हिरो नाही, दुसऱ्यानं न केलेलं काम करणारा अवघडलेला माणूस आहे. चाकू रोवताना त्याचा हात थोडा कापला तरी चालेल.

खटला उभा राहायला अडीच वर्षं गेली. पोरगा तोवर कच्चा कैदी म्हणून आत. कोर्टात उलटतपासणीला वकिलानं मला एकच नेमकं विचारलं : "तुमच्या समोर पातेरा कोणी बाजूला केला?" मी गप्प झालो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून बाहेरच्या व्हरांड्यात बसलेली मयताची आई दिसत होती. मी म्हटलं, "मी पोचलो तेव्हा कोयती बाहेर होती." पुढे अजून विचारलं, तुमच्या घरी अशी कोयती आहे का? मी म्हटलं, आहे. सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर केलं. कोयतीवरचं रक्त माणसाचं होतं, पण गट ठरला नव्हता. बोलाचाली ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच नेपाळी येत नव्हती. पोरगा सुटला. निकालपत्रात शब्द होते, ‘संशयाचा फायदा देऊन’.

हा शब्द आपल्या भाषेत घात करतो असं मला फार दिवस वाटतंय. एक तर ‘फायदा’. जणू कोर्टानं खिशातून काढून बक्षीस दिलं. आणि दुसरं, ‘संशय’. पोलीस पकडतात तेव्हा तो ‘संशयित’, म्हणजे संशय माणसावर. सुटतो तेव्हाही ‘संशयाचा फायदा’, पण हा संशय पुराव्यावर. शब्द एक, बोट दोन वेगळ्या दिशांना. गाव पहिला संशय घरी घेऊन जातं आणि दुसरा कोर्टातच ठेवून येतं. तुमच्या संहितेत जिथे जिथे ‘संशय’ आलाय तिथे एकदा बघा. पुराव्याबद्दल बोलायचं असेल तिथे ‘शंका’ म्हणा, ‘वाजवी शंका’ म्हणा. प्रेक्षकाला फरक कानानं कळेल.

वाजवी म्हणजे किती, हे चार नंबरचा ज्युरर विचारतो आणि तुम्ही त्याला लांबलचक भाषणानं उत्तर दिलंय. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलेलं त्याहून सोपं आहे : ‘असू शकेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांच्यातलं अंतर लांब असतं. अकरा जण पहिल्यावर उभे आहेत, शिक्षा द्यायला दुसऱ्यावर पोचावं लागतं. त्याच निकालात न्यायालयानं दुसरी बाजूही बजावली आहे. शंकेचा अतिरेक करून गुन्हेगार सुटू लागले तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल, असं. ते मी नाकारत नाही. म्हणून तर ‘वाजवी’ हा शब्द आहे. आठ नंबरवाल्यानं काय वाट्टेल त्या शंका काढल्या असत्या तर नऊ नंबरचा म्हातारा त्याच्या बाजूनं गेलाच नसता.

प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो की ज्युरी ही परक्या देशाची गोष्ट. ते वाक्य बदला. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांवर १९०८ साली मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला तो ज्युरीसमोरच. नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर, आणि निकाल देणाऱ्यांची भिस्त इंग्रजी भाषांतरावर. मराठी न कळणारे लोक माझ्या मराठीचा न्याय करतायत, ही तक्रार टिळकांनी भरकोर्टात केली. सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. बागेतली भांडणं नेपाळीत ऐकून साक्ष देणाऱ्या आमच्या चौघांची मला त्यावरून आठवण होते.

आणि पूर्वग्रह नेहमी द्वेषाचाच असतो असंही नाही. नानावटींचा खटला १९५९ चा. बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा नौदलाचा रुबाबदार कमांडर, फसवला गेलेला नवरा म्हणून वर्तमानपत्रं आणि गर्दी त्याच्या बाजूची. नऊपैकी आठ ज्युररनी निर्दोष म्हटलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयात ती कायम राहिली. ज्युरीची पद्धत आपल्याकडे पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं पुरती संपली.

यातूनच तुमच्या संहितेतली एक मोठी अडचण निघते. तुम्ही नाटक १९५८ च्या मुंबईत ठेवलंय. तिथे ज्युरीत बारा नव्हे, नऊ जण असत. तो मुद्दा सोडून देऊ, बारा पोरांना काम मिळतंय ते मिळू दे. पण मुंबईत बहुमत चालत असे. रोझच्या नाटकात बाराही जणांचं एकमत लागतं, म्हणून तर एक माणूस अकरांना उठू देत नाही. आपल्या ज्युरीत तो एकटा पहिल्या मतमोजणीतच संपला असता आणि नाटक दहा मिनिटांत आटोपलं असतं. तेव्हा एक तर गोष्ट अमेरिकेतच ठेवा, नाहीतर काळ-वेळ न सांगता न्यायाधीशाच्या तोंडी स्पष्ट वाक्य द्या : निर्णय एकमतानंच झाला पाहिजे. या एका अटीवर सगळं उभं आहे.

आपल्या गावकीत ती अट नाही. मानकरी बोलतात, मागचे खाली बघतात, कोणीतरी "चला, ठरलं" म्हणतो आणि सतरंजी गुंडाळली जाते. खटल्याच्या निकालानंतरच्या शिमग्यात पालखी माझ्या दारात आली नाही. कोणी बैठक घेऊन ठरवलं असं मला कोणी सांगितलं नाही. अंगण सारवलेलं होतं, बायकोनं ओटीचं ताट भरून ठेवलं होतं, ढोल जवळ आला आणि वळणावरून पुढे गेला. दोन वर्षं असं झालं. वाळीत टाकणं हा गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा २०१६ चा, म्हणजे नंतरचा. तो आधी असता तरी मी तक्रार केली नसती, आणि आज मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. तिसऱ्या वर्षी पालखी आली, नाचवली गेली, मी खांदा दिला. पण तुमच्या नाटकात एकटा हात खाली ठेवणाऱ्याला काय द्यावं लागतं ते मला माहीत आहे, आणि तुमच्यातल्या काहींच्या घरात ते माहीत आहे, म्हणून लिहिलं.

आता दहा नंबर. ‘ही माणसं असलीच’ म्हणून जो तोंड सोडतो तो. परवा त्याच्या भाषणाला टाळ्या पडल्या. एकानं शिट्टी मारली. नट चांगला आहे, नेपाळी हिंदीची नक्कल हुबेहूब करतो, म्हणून लोक हसले. मूळ नाटकात त्या भाषणाच्या वेळी एकेक जण टेबलावरून उठतो आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. तुम्ही ते उठणं कापलंय, ‘वेळ जातो’ म्हणून. नक्कल काढा, उठणं परत घाला. अकरा पाठी आणि एक आवाज, मग तो आवाजही थांबतो. तिथे अर्धा मिनिट काही होऊ देऊ नका. आपल्या प्रेक्षकाला शांतता झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी दशावतारात राजा नुसता उभा असतो तेव्हा लोक कसे बघत बसतात ते आठवावं.

हे नुसतं रंगमंचावरचं नाही. जालना जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबावर दरोडा पडला, माणसं मारली गेली. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. मग २०१९ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि तिकडे तपास वळलाच नव्हता. सोळा वर्षं गेली, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. दहा नंबरवाल्याचं भाषण तिथे कोणी मोठ्यानं केलं नसेल. करायची गरजच पडली नसेल.

आता शेवटाकडे येतो. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मयताची आई माझ्यासमोर आली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. लुगड्याचा पदर हातात धरून म्हणाली, "तो नाय तर मग माझ्या पोराला मारलान कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. तो पोरगा निर्दोष होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कधी म्हटलंही नाही. मी एवढंच म्हटलं की जे मी पाहिलं नाही ते पाहिलं असं लिहिलं गेलं होतं, माझ्या सहीनं. ती म्हातारी पुढे आठ वर्षं जगली. रोज माझ्या दारावरून विहिरीला जायची. कधी बोलली, कधी नाही. तिला न्याय मिळाला नाही, आणि त्यात माझी ती पहिली सही आहे. तपास नीट झाला असता, पंचानं डोळे उघडे ठेवून सही केली असती, तर कदाचित खरं काय ते कळलं असतं, मग ते त्या पोराविरुद्ध का असेना.

तुमचा निळ्या प्रकाशातला भागीदार या प्रश्नाला खोटं उत्तर देतो. तो आला की प्रेक्षक म्हणतो, बरं झालं, खरा सापडला, म्हणजे पोरगा खरंच निर्दोष होता, म्हणजे त्याला सोडला ते योग्य झालं. मग बारा जणांनी दोन तास जे केलं त्याची गरजच उरत नाही. खरा सापडला नसता तर सोडायचं नव्हतं का? आपल्या गावानं नेमकं हेच मानलं. दुसरा कोणी सापडला नाही, म्हणून हाच. नाटकानंही तेच सांगायचं असेल तर एवढ्या तालमी कशाला?

लोक विचारतील, विचारू देत. घरी जाताना बॅटरीच्या उजेडात भांडू देत. माझी खात्री आहे की दुसऱ्या दिवशी तिठ्यावर दुसरा विषय नसेल. त्यात कोणीतरी माझं नावही काढील, तेही चालेल.

पोरगा सुटला त्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला नळावर पाणी पीत होता. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "स्टेशन की गाडी कहाँ से मिलेगी?" मी हातानं एस्टी स्टँडची वाट दाखवली. एवढंच आमचं बोलणं. तो परत कधी इकडे आला नाही. दुसरे आले. आता बागा त्यांच्याच भरवशावर आहेत, बंदरातल्या होड्यांवर निम्मे खलाशी तेच. गेल्या जत्रेला ते मागे गडग्यावर बसून नाटक बघत होते, बायका-पोरं घेऊन. यंदाही येतील. त्यांना पुढे सतरंजीवर बसायला सांगा. मंडळातल्या कोणीतरी स्वतः जाऊन सांगा, माईकवरून नको.

तालमीला कोयती लागेल. चाकूच्या जागी तुम्ही कोयती घेणारच आहात, तर माझ्याकडे त्याच लोहाराच्या दोन आहेत. धार बोथट करून ठेवतो. गुरुवारी घेऊन येईन.

आपला,
त्या पंचनाम्यावरचा पंच क्रमांक दोन